गोष्टनीस निळोपंत आणि चिंचेवरचा वाघ

गजवदन सुप्रसन्न असोत, आणि श्रोत्यांनी जांभया आवराव्या. पुढील वर्तमान कोणी खरे मानणार नाही, आणि जो मानील त्याचे अकलेविषयी आम्हांस संदेह. तथापि घडले ते लिहिणे प्राप्त. शके पंधराशे नव्याण्णव, पिंगळनाम संवत्सरी, एका राज्यात (नाव पुसू नये) निळोपंत आवळसकर गोष्टनीस होते, म्हणजे दौलतीतील लेकरांसाठी पोथ्या रचणे ही त्यांची चाकरी. पंतांस एके जागी बसवत नसे. चालू लागले कीं गोष्ट सुचे, थांबले कीं खुंटे, मग पंत बाजारातून, पागेतून, मुदपाकखान्यातून सांगत सुटत, आणि लेखक दौत सांभाळीत मागे धापा टाकीत, आणि वाटेत कोणाची ताकाची घागर लवंडे. ऐसे चालता वाघाची पोथी सुरू जाहली, आणि वाघ माकडामागे चिंचेवर चढला, आणि तितकी पाने घरोघर पोहोचली, तों महाराजांस पंतांचे भेगाळले पाय दिसले. कळवळोन बोलले, "पंत, बहुत पायपीट केलीत. आता बसा." मग गादी दिली, लोड दिला, आणि पंतांनी उठू नये म्हणोन खांद्याशी दोन हुजरे दिले.

मग गोष्टच बसली. वाघ चिंचेवर, पोरे वाटेवर, पुढले पान येईना. महाराजांची कन्या येसूताईसाहेब यांनी पण केला कीं वाघ उतरल्याविना अन्न घेणे नाही, आणि ताट परत गेले, आणि दुसरे दिवशीही गेले, आणि मुख सुकले, आणि राणीसाहेब रडों लागल्या. मग व्याकरणशास्त्री सरसावले: "त्यात काय! वाघास पश्चात्ताप जाहला, आणि तो सदाचारी होऊन उतरला."

ताईसाहेब क्षीण स्वरे बोलल्या, "शास्त्रीबुवा, आपण कधी झाडावर चढलात का?"

शास्त्री पागोटे सावरीत मागे सरले. पंत मात्र गादीवर चुळबुळत होते, लोडाखाली पाय झाडीत होते. ते हेरोन ताईसाहेब ओरडल्या, "आबासाहेब, सोडा त्यांस! बसून कुठे वाघ उतरतो?"

महाराजांनी हात हलविला मात्र, पंत उसळले, आणि गोष्ट सांगत सदरेतून निघाले, आणि वेशीबाहेर गेले, आणि मागे ताईसाहेबांस खांद्यावर घेतलेले महाराज एका पायी जोडा घालोन धावले, आणि शिवेवर पाहतात तों चिंच, आणि चिंचेवर साक्षात वाघ! पंत झाडाभोवती फेर धरोन सांगत राहिले, आणि वाघ ऐकत ऐकत शेपटीकडून उतरला. मग ताईसाहेबांनी तेथेच दहीभात खाल्ला, आणि उरला तो वाघापुढे ठेविला, आणि वाघाने पान चाटून पुसून...

"अहो आजोबा, पुरे!" श्रोत्यांतील गोदाक्का कासारीण कडाडली. "वाघ कुठं दहीभात खातो? खोटं, साफ खोटं! खरं सांगा, पंत त्या दिवशी घरी परतले का?"

येथे बखर तटली. सारांश, ताईसाहेब जेवल्या. वाघही उपाशी राहिला नसावा. आणि गोष्टनिसाची जागा मागावयास अद्याप कोणी आलेले नाही.