अर्ध्या चढाईची सीडी

कॉम्प्युटरचं कुठलंही काम मी दहा मिनिटांत करतो. ही बढाई नाही, हिंजवडीत मला त्याचाच पगार मिळतो! आमच्या घरात या विधानावर फक्त एका व्यक्तीचा विश्वास नाही, आणि दुर्दैवानं माझ्याशिवाय घरात तेवढी एकच व्यक्ती आहे. ती म्हणजे माझी बायको, मृण्मयी.

गोष्ट २००६ सालची. आम्ही अकोल्याहून येऊन हिंजवडीशेजारच्या मारुंजीत भिकूआबांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. खाली आबा, त्यांच्या साळूबाई, मुलगी रेश्मा आणि दोन म्हशी. आबा म्हणजे असा आडवातिडवा माणूस, की ते दारात उभे राहिले की घरात दिवा लावावा लागायचा. माडीचा जिना त्यांनी भाडेकरूंसाठी स्वतः बांधून घेतला होता आणि त्या जिन्यात ते स्वतःच मावत नसत!

रेश्मा अकरावीला होती आणि कबड्डी खेळायची. जिल्ह्याच्या मुलींच्या संघात तिची निवड झाली. साताऱ्याला पंधरा दिवसांचं शिबिर होतं. वडिलांच्या सहीचं संमतीपत्र सोमवारी सकाळी कॉलेजात द्यायचं होतं, आणि रविवार उजाडला तरी आबा सही करायला तयार नव्हते.

"पंधरा दीस पोर सोडायची कुटं? आन् ती खेळती का नुसती उभी ऱ्हाती, मला काय म्हाईत? डोळ्यांनी बघितल्याबिगर सही न्हाई!"

"मग मॅच बघायला का नाही आलात?" मृण्मयीनं विचारलं.

"म्हशींचं काय तुमी बघनार हुता?"

रेश्मा नुसती भांडी घासत राहिली, पण इतक्या जोरात की एका पातेल्याची कल्हईच गेली. मला खरंच वाईट वाटलं हो! पोरगी पहाटे उठून मारुंजीच्या माळावर पळायची, धारा काढायची, मग कॉलेज. आणि सगळं अडलंय कुठे, तर एका सहीवर!

आता पौडला झालेली शेवटची मॅच मृण्मयीनं आमच्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यात घेतली होती. तिनं तो कॅमेरा आबांच्या हातात दिला. आबांनी चष्मा वर केला, खाली केला, काढून पुसला.

"ही मुंगी कोन?"

"रेश्मा आहे ती!"

"माझी पोर येवढी न्हाई."

मृण्मयी म्हणाली, "अरे, आपला कॉम्प्युटर उचलून खाली आणू. त्याच्यावर मोठं दिसेल."

इथे मी हसलो. सॉफ्टवेअर इंजिनिअरनं कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन जिना उतरायचा? आबांकडे टीव्ही होता, त्याच्यावर क्रोशाचा रुमाल पांघरलेला सीडी प्लेअर होता. मी म्हणालो, "सीडी करून आणतो. दहा मिनिटांचं काम!"

आणि खरंच दहा मिनिटांत सीडी घेऊन खाली आलो! प्लेअरमध्ये घातली. तो घरघरला, विचारात पडला आणि टीव्हीवर अक्षरं आली.

"काय म्हनतंय त्ये?" साळूबाईंनी विचारलं.

"आत सीडीच नाही म्हणतोय."

"आँ? म्या बघितली की तुमी घालताना!"

मी त्यांना समजावून सांगितलं. कॅमेऱ्याची फाइल एका जातीची असते आणि प्लेअरला दुसऱ्या जातीची लागते. साळूबाईंच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना, म्हणून म्हणालो, "तुमच्या शेतातला भात आणून तसाच चुलीवर ठेवला तर शिजेल का? आधी भरडायला नको?"

"मंग भरडून आना की!" आबा म्हणाले. "गप्पा काय हानताय?"

भरडायची गिरणी माझ्या घरी नव्हती. मी मोटारसायकल काढली, रविवारचा हिंजवडीला ऑफिसात गेलो, इंटरनेटवरून व्हिडिओ बदलून देणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं आणि पेन ड्राइव्हमध्ये घालून परत आलो. त्या सॉफ्टवेअरनं काम सुरू केलं. दहा टक्के, अकरा टक्के, मग पुन्हा दहा टक्के! दीड तास मी त्या पट्टीकडे बघत बसलो. मृण्मयी दोनदा डोकावून गेली. दुसऱ्यांदा घड्याळाकडे बघून गेली, ते जास्त लागलं.

दीड वाजता सीडी तयार! या वेळी चित्र उमटलं. पौडचं मैदान, लाल माती, मुलींच्या दोन रांगा. पण पडद्याच्या मधोमध त्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आपलं नाव लिहिलं होतं. ही एवढाली अक्षरं! रेश्मा मैदानात आली ती बरोबर त्या अक्षरांच्या मागे.

"पोरीच्या अंगावर ह्ये काय लिवलंय?" आबा.

"दिष्ट लागू नये म्हून असंल," साळूबाई म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं होतं.

रेश्माची चढाई सुरू झाली. कबड्डीत काय असतं, की मधली रेषा ओलांडून एकटीनं समोरच्यांच्या अंगणात जायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम सुटायच्या आत परत यायचं. समोर सात जणी हात पसरून उभ्या. रेश्मा रेषा ओलांडून गेली. आणखी आत गेली. दोघी मागून वळल्या. आबा खुर्चीच्या काठावर आले. आणि...

पडदा काळा! फुकटात अर्धाच व्हिडिओ बदलून मिळेल, असं इंग्रजीत लिहून आलं.

"पुढं?"

"पुढं नाही, आबा. एवढंच झालंय."

"एवढंच? पोरगी तिकडं गेली आन् शीडी संपली? परत आली का न्हाई?"

"येईल ना आबा! उरलेलं दुसरं सॉफ्टवेअर—"

"आरं, माझी पोर त्या सात जनींत गेलीया आन् तुमी म्हनता संपलं!" आबा तिरीमिरीत दारात गेले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "रेश्मी तिकडं गेली ती परत आलीच न्हाई!"

तेवढ्यात लाईट गेली. भारनियमन. पाचपर्यंत नक्की.

मी पुन्हा मोटारसायकलला किक मारली. ऑफिसात लाईट असतेच. बाहेर पडताना शेजारच्या गेणबानं मला हात केला, पण मला थांबायला कुठे वेळ होता? थांबायला हवं होतं! गेणबाकडे नवा मोबाईल होता, आणि नव्या मोबाईलवर सांगायला माणसाला काहीतरी बातमी लागतेच. आबांचं ते ओरडणं त्यानं ऐकलं, मला घाईनं निघताना बघितलं, रेश्माच्या मामाला रिहे गावी फोन लावला आणि स्वतः गाडी काढून पोरगी हुडकायला सुसाट निघून गेला.

चारच्या पुढे मी नवीन सॉफ्टवेअर घेऊन परतलो. दारात गाडी लावतोय तोच मागे एक टेम्पो कचकन थांबला. टेम्पोतून बारा-तेरा माणसं उतरली. सगळ्यात पुढे जयसिंगमामा. हातात काठी.

"तुमी माडीवरचं पावनं न्हवं? शेवटचं तुमीच बघितलं तिला?"

"कुणाला?"

"रेश्मीला!"

माझ्या डोक्यात सकाळपासून एकच रेश्मा फिरत होती, सीडीतली. मी म्हणालो, "हो हो, मीच! घाबरू नका. सध्या अर्धीच मिळालीय. उरलेली संध्याकाळपर्यंत काढतो!"

मामा पांढरेफटक पडले. मागच्या एकानं टेम्पोचा पत्रा धरला.

"अर्धी?" मामांच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला. आणि मग त्यांनी काठी उचलली!

त्या क्षणी माझं आयुष्य संपलं होतं. तेवढ्यात गोठ्याच्या बाजूनं खुद्द रेश्मा आली, डोक्यावर शेणाची पाटी.

"मामा! आज कसं काय? च्या टाकू का?"

मामा मटकन टेम्पोच्या फळीवर बसले. पाणी प्यायले, मग चहा प्यायले. मग सगळं ऐकून घेतलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला. मी हसलो नाही. काठी अजून त्यांच्या मांडीवर होती.

"आलोच हाय तर शीडी बघूनच जाऊ," मामा म्हणाले. तेराच्या तेरा माणसं ओटीवर ऐसपैस बसली. सकाळी मला दोन माणसांना व्हिडिओ दाखवायचा होता. आता गाव जमलं होतं!

पाचला लाईट आली. मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढलो. हे सॉफ्टवेअर झकास निघालं. अक्षरं नाहीत, अर्ध्यात तोडणं नाही, तासाभरात शंभर टक्के! सीडी तयार करून एकदा लावून बघितली.

आवाज नव्हता. आणि सगळं भलतंच जोरात चाललं होतं! आमचा कॅमेरा सेकंदाला पंधरा चित्रं काढायचा, टीव्हीला पंचवीस लागतात. माझं कुठलंतरी बटण दाबायचं राहून गेलं होतं, त्यामुळे पाच सेकंदांची धाव तीन सेकंदांत उरकत होती. खालून हाका सुरू झाल्या होत्या, "सायेब, हाय का मेलं?" पुन्हा करायचं म्हणजे आणखी एक तास. आणि लाईटचा काय भरवसा?

मी विचार केला, म्हशी राखणाऱ्या माणसाला एवढं काय कळतंय! हा विचार मी केला, हे मी इथे कबूल करतो.

सीडी लागली. रेश्मा वाऱ्यासारखी आत शिरली, डावीकडे झेपावली, एकीला शिवली, दुसरीच्या हातातून निसटली आणि रेषेवर परत! तेरा माणसं एकदम उठून ओरडली. मामांनी टोपी उडवली. साळूबाई पदरानं डोळे पुसत होत्या. मी चोरून आबांकडे बघितलं. ते खुर्चीत शांत बसले होते. सीडी संपली तसे उठले, फडताळातून संमतीपत्र काढलं आणि रेश्माच्या हातात दिलं. खाली सही होती, भिकू अशी वाकडीतिकडी आणि ठसठशीत.

रेश्मानं आधी बापाच्या पायाला हात लावला आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली. मला वाटलं, चंद्रकांत, आज तू एका मुलीचं भलं केलंस! आणि लगेच वाटलं, पण फसवून केलंस, गाढवा! बापानं विजेसारखी पळणारी पोर बघून सही दिली. उद्या साताऱ्याला जाऊन खरी मॅच बघितली तर?

ते काही मला पचेना. सोमवारी सकाळी रेश्मा कॉलेजला गेल्यावर मी गोठ्यात गेलो. आबा धार काढत होते.

"आबा, एक सांगायचंय. रागावू नका. कालची सीडी चुकली होती. रेश्मा एवढी जोरात पळत नाही."

आबांचा हात थांबला नाही.

"म्हाईत हाय की."

"आँ?"

"आवो, त्यात पंच कोन हुतं? विठ्ठलराव गुरुजी! दम्याचा मानूस. आमच्या दारावरनं जाताना तीन ठिकानी बसतोय. त्यो टोळावानी उड्या मारतोय म्हनल्यावर मला कळंना व्हय?"

"मग तरी तुम्ही सही केलीत?"

"सही दुपारीच केलीया."

मी शेजारच्या पेंडीच्या पोत्यावर बसलो.

"तुमच्या शीडीत पोर तिकडंच ऱ्हायली," आबा म्हणाले. "माझा जीव थाऱ्यावर ऱ्हाईना. तुमी हापिसात गेलता. पोरगी तर घरातच हुती की, मंग तिलाच इचारलं. परत आलीस का गं? तर म्हनली, आबा, दावू का? अंगनात कोळशानं रेघ मारली. हिकडनं मी, साळू आन् तुमच्या मंडळी. तिघं जन. म्हनलं, ये!"

"मृण्मयी?"

"व्हय, वैनीच! पोर आली, माझ्या गुडघ्याला शिवली, आन् मी धरस्तवर रेघंच्या पल्याड! पाच डाव आली. पाची डाव गेली. येकदा बी हातात घावली न्हाई." आबांनी चरवी खाली ठेवली आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवला. "उगा भीत हुतो सायेब. माझ्याच हातात घावंना, ती दुसऱ्या कुनाच्या घावती? आन् दर डावाला परत आली ती हसतच आली. जाऊंद्या म्हनलं."

"मग मला संध्याकाळी का नाही सांगितलंत?"

"कसं सांगायचं? तुमी घामाघूम हून शीडी घिऊन आलता. साळू म्हनली, गप बघा. येवढं शिकलेला मानूस हाय, त्याचं मन मोडू नका."

मी उठलो. ज्या जिन्यात आबा मावत नव्हते त्या जिन्यातून अगदी अंग चोरून वर आलो. मृण्मयी डबा भरत होती.

"तू काल अंगणात कबड्डी खेळलीस?"

"हो."

"आणि सही झालेली तुला माहीत होती?"

"पेन मीच दिलं," ती म्हणाली. "पोळ्या तीन देऊ की चार?"