तेलाचा निकाल

आमच्या वर्कशॉपात ओल्या डोक्यानं येणं हा गुन्हा होता. इस्माईल चाचा दारातच प्रत्येकाच्या केसांतून बोटं फिरवायचे आणि जरा ओलसर लागलं की उन्हात उभं करायचे. "ट्रान्सफॉर्मरले सर्दी झाली त कोन निस्तरन बे?" एकदा त्यांनी मालकांनाही उभं केलं. मालक निमूट उभे राहिले, कारण चाचांच्या हातून गेलेला ट्रान्सफॉर्मर कधी परत येत नसे.

जळालेले ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे दुरुस्तीला येतात. नवी तार गुंडाळली की ते भट्टीत सुकवायचे, तेल तापवून गाळायचं. आत थेंबभर ओल राहिली तरी वीज जोडताच सगळं मुसळ केरात. शेवटचा निकाल चाचांचा. लालभडक सळई ते वाटीभर तेलात बुडवून कान लावायचे. तडतडलं तर पाणी आहे, गप्प राहिलं तर कोरडं. तपासणीचं यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. चाचा त्याच्याकडे सवतीसारखं बघायचे.

गेल्या माघात वडनेर भोलजी गावची माणसं त्यांच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तीन दिवस ट्रॅक्टर घेऊन बसली होती. गहू ओंबीवर आलेला, विहिरीत पाणी, पण मोटारी बंद. चाचांनी तेल गाळायचा पंप थांबवला, सळई बुडवली. तेल तडतडलं. मला दारापाशी ऐकू आलं.

"कोरडं हाय," चाचा म्हणाले. "चढवा."

बोलावं तर म्हाताऱ्याची चारचौघांत शोभा, न बोलावं तर त्या लोकांचा गहू वाळणार. मी खोटंच सांगितलं, एक नट ढिला आहे, उद्या या. त्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि गेले.

चाचांनी सळई पुन्हा तापवून माझ्या हातात दिली. मी ती बुडवली तेव्हा ते तेलाकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मान हलवली, वाजतंय म्हणून.

ते स्टुलावर बसले. आमच्याकडे दिवसभर पंपाच्या आवाजात सगळेच ओरडून बोलतात, म्हणून मला कधी शंकाच आली नव्हती. त्याची लाज अजून वाटते. कधीपासून, असं मी कसंबसं विचारलं.

"काय मालूम," चाचा म्हणाले. "तुही चाची गेली तवापासून घरात बोलाले कोनी नाही. कान कवा गेले, समजलंच नाही मले."