कोहळ्याचा पहिला घाव

मी कोहळा फोडायला नाही म्हटलं, एवढंच झालं होतं. त्यापायी मुलीचं लग्न मोडायची पाळी येणार हे कोणी आधी सांगितलं असतं, तर मी मुकाट्यानं दोन फोडले असते.

आमचं घर तंजावरात, राजवाड्यामागच्या गल्लीत. घरामागे विहीर, आणि विहिरीच्या पाण्यावर आमच्या मंडळींचं, म्हणजे वसुमतीचं, राज्य. मिरच्या, गवार, कारली, वांगी, आणि गोठ्याच्या छपरावर चढलेला कोहळ्याचा वेल. वैशाखात कत्तरीचं, म्हणजे वर्षातलं सगळ्यांत कडक, ऊन पेटलं की हे सगळं माडीवर वाळायला जातं. ताकात मुरलेल्या मिरच्या, मीठ लावलेली गवार, कारल्याच्या चकत्या, आणि शेवटी कोहळ्याचे सांडगे. या सगळ्या कारखान्यात मला काम एकच. अख्ख्या कोहळ्यावर पहिला घाव बाईमाणसानं घालायचा नाही, घरच्या पुरुषानं घालायचा. पुढचं किसणं, वाटणं, वाळवणं बायकांचं. वर्षातून एकदा कोयता उचलायचा आणि वर्षभर सांडगे खायचे, इतकी सुखाची नेमणूक सरकारी नोकरीतही नाही.

पण त्या वर्षी मी मद्रासच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात भोळ्या रूढींवर एक लेख वाचला होता. (अर्धाच. उरलेल्या अर्ध्यात कोणीतरी चिवडा बांधून नेला होता.)

"अहो, कोहळा उतरवलाय," वसुमती म्हणाली. "उद्या तुम्ही जमाबंदीच्या कँपला जाणार. जाण्याआधी तेवढा घाव घालून जा."

"तुझे हात आहेत, विळी आहे. विक्टोरिया राणीच्या राज्यात असल्या समजुती शोभत नाहीत."

"राणीच्या घरी सांडगे घालतात का?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"प्रश्न कनकच्या लग्नाचा आहे. आवणी महिन्यात वऱ्हाड जेवायला बसेल तेव्हा पानात काय वाढू, तुमचं तत्त्व?"

मी कचेरीचं निमित्त करून उठलो. (आता लपवून काय उपयोग? कोयता हातात घेतला की माझा हात कापतो. आदल्या वर्षी घाव कोहळ्यावर न पडता पाटावर पडला होता, आणि त्या पाटावर सासूबाई बसायच्या बेतात होत्या. त्या लेखानं माझी मोठीच सोय केली होती.)

कँप पडला शियाळीकडे. ऊन असं की दौतीतली शाई वाळायची. घामोळ्यांनी डोकं सोलून निघालं, म्हणून जवळच्या वैद्यनाथाच्या देवळात जाऊन मी शेंडी ठेवून सगळं डोकं आणि मिशाही उतरवून टाकल्या. लेखात मुंडणाविषयी काही म्हटलेलं नव्हतं. कामाच्या गर्दीत घरी पत्र टाकायचं मात्र राहून गेलं.

परत आलो तर वसुमतीनं दारातच मला पाहिलं आणि ती ढसाढसा रडली. मग देवापुढे दिवा लावला. मला वाटलं, मिशीसाठी रडते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर उघडाच बसलो होतो. दारात बैलगाडी थांबली आणि एक वयस्क गृहस्थ उतरले. नमस्कार नाही, रामराम नाही. खाली मान घालून शेजारी येऊन बसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"फार वाईट झालं," ते म्हणाले.

"हो ना," मी म्हटलं. (ही कचेरीतली सवय. वडीलधारा माणूस वाईट झालं म्हणाला की आधी हो म्हणायचं, काय झालं ते मागाहून विचारायचं.)

"मी सूर्यनारायणराव. ओरत्तनाडूहून आलो. नवऱ्यामुलाचा चुलता. मुलगी पाहायला आमची मंडळी आली तेव्हा मी काशीला होतो, म्हणून आपली भेट नाही."

मी धडपडत उठलो. व्याही माणूस! "कॉफी सांगतो."

"नको, नको! आज या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही. बसा." मग हलकेच, "काही दुखणं होतं का?"

"कोणाला?"

"वैद्यनाथरावांना."

मी आपोआप स्वतःच्या पोटाला हात लावला. वैद्यनाथराव मीच.

"तुम्ही धाकटे बंधू ना? डोक्यावरूनच कळलं. क्रियाकर्म सगळं तुम्हीच केलंत वाटतं. बरं झालं, घरचं कोणीतरी होतं."

खरं म्हणजे मी तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं. पण आपण गेल्यावर लोक काय बोलतात हे ऐकायचा योग कोणाला येतो? मी आवाज खाली आणून विचारलं, "वैद्यनाथरावांबद्दल आपण काय ऐकून होता?"

"गेलेल्या माणसाविषयी वावगं बोलू नये," ते म्हणाले आणि पुढे काहीच बोलले नाहीत.

"पण आपल्याला सांगितलं कोणी?"

"आमच्या अंबाआत्यानं. मोठ्या देवळात आली होती, जाता जाता इथे डोकावली. तर अंगणात परका माणूस कोहळा फोडतोय! आत्यानं विचारलं, घरचे पुरुष कुठे? तर वहिनी म्हणाल्या, घरात पुरुषमाणूस असतं तर शेजाऱ्याला कशाला हाक मारली असती? कपाळ तर मोकळंच दिसत होतं. एवढ्या दुःखात बाई संसाराला लागली, म्हणून आत्या रडतच घरी आली." त्यांनी डोळे पुसले. "आता मुख्य बोलायचं. वर्षभर तुमच्याकडे कार्य व्हायचं नाही. आणि मुलाची आजी अगदी थकली आहे, तिला नातसून पाहायची आहे. तेव्हा मन घट्ट करून सांगतो, मन्नारगुडीचं एक स्थळ..."

कनक दाराआड उभी होती. तिच्या बांगड्या वाजत होत्या त्या एकदम थांबल्या.

"मी जिवंत आहे!" मी ओरडलो.

"असाल हो, आयुष्मान व्हा. पण थोरले बंधू..."

"मला थोरला बंधू नाही! मीच वैद्यनाथराव!"

तेवढ्यात वसुमती बाहेर आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कॉफीचं भांडं. सूर्यनारायणराव तिच्याकडे पाहत राहिले.

"हेच ते," ती म्हणाली, आणि पदरानं डोळे टिपत तिथेच उंबऱ्यावर बसली. "रागात बोलून गेले मी. कोहळा नासेल, कत्तरीचं ऊन निघून जाईल, म्हणून शेजारच्या रंगरावांना बोलावलं. आत्याबाई गेल्यावर आरशात पाहिलं तर घामानं कुंकू पुसलेलं! आणि यांचं पत्र नाही. रोज दिवा लावला हो मी. त्या सांडग्यातला एक चाखलासुद्धा नाही."

मला फार लाज वाटली. त्या अर्ध्या लेखावर मी बायकोला इतके दिवस जिवाच्या भीतीत ठेवलं होतं. तिला काही बोलावं असं मनात होतं, पण सूर्यनारायणरावांचा चेहरा कठोर झाला होता.

"म्हणजे घरधनी धडधाकट," ते म्हणाले, "आणि घरचा कोहळा शेजाऱ्यानं फोडला?"

"तत्त्वाचा प्रश्न..."

"मेलेल्या माणसाचं आम्ही समजून घेतलं असतं, राव. हे कसं घ्यायचं? ओरत्तनाडूत लोक विचारतील, मुलीला बाप आहे की नाही? वेलावर दुसरा कोहळा आहे ना? आणा. माझ्यासमोर फोडा."

कोहळा आला. कोयता आला. गल्लीही आली. वसुमतीनं ओटीवरचे पाट तेवढे आत नेले.

मी वैद्यनाथाचं नाव घेऊन पहिला घाव घातला. कोहळा घरंगळला आणि कोयता ओट्याच्या खांबात रुतला. तो काढायला दोन माणसं लागली. भिंतीवरून रंगरावांचं डोकं वर आलं. "वैद्यनाथराव, येऊ का?"

"नको!" मी गरजलो. दुसरा घाव कोहळ्याला लागला, पण तो नुसता पांढरी भुकटी उडवून गेला. आत बांगड्या अजून गप्पच होत्या. तेव्हा मी डोळे मिटले, लेख, राणी, कचेरी सगळं विसरलो आणि दोन्ही हातांनी कोयता हाणला.

डोळे उघडले तर कोहळ्याची दोन शकलं झाली होती. गर आणि बिया सूर्यनारायणरावांच्या जरीकाठी उपरण्यावर होत्या. एक बी भुवईवर होती.

त्यांनी शांतपणे बी काढली. "सरि, ठीक आहे," ते म्हणाले. "घरात पुरुष आहे. मन्नारगुडीला मी नाही कळवतो. आवणीतला मुहूर्त कायम."

बांगड्या वाजल्या आणि आत पळाल्या. वसुमतीनं कॉफी पुढे केली, त्यांनी ती दोनदा घेतली. आणि निघताना शुभकार्याच्या घरी म्हणतात तसं मोठ्यानं "येतो" म्हणाले. माझी छाती फुगली.

गाडीत बसता बसता ते वळले. "लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दारात आलं की दृष्टीचा कोहळा फोडावा लागेल."

"अर्थात!" मी कोयता वर केला. "तो मीच..."

"नको, नको!" ते गाडीत जरा मागे सरकले. "ते काम रंगरावांना सांगा. आम्हाला वऱ्हाड सगळं परत न्यायचंय."

"त्यांना मी मघाशीच सांगितलंय," वसुमती आतून म्हणाली.