एका खेकड्याची शंभर टक्के वाढ

समुद्रात खेकडे किती आहेत हे समुद्राला माहीत नसते आणि खेकड्यांना त्याची फिकीर नसते. म्हणून ते ठरवायला माणसाला कार्यालय काढावे लागते. अशाच एका खेकडा संवर्धन कार्यालयात, धक्क्यापासून चाळीस पावलांवर, एक मोजणीदार नोकरीला होता. बोटीतून उतरणारा प्रत्येक खेकडा पाठीवर आडवे पितळी माप लावून मोजायचा, पंधरा सेंटिमीटरच्या आतला निघाला तर पाण्यात सोडायला लावायचा आणि अंडी धरलेली मादी दिसली तर मापाच्या भानगडीत न पडता सोडायला लावायची, एवढेच त्याचे काम. बारा वर्षांत त्याने एक मिलिमीटर इकडचा तिकडे केला नव्हता. (या काळात त्याच्या बोटांना एकशे चौऱ्याण्णव वेळा नांगी लागली. त्यांपैकी एकशे नव्वद वेळा तो कर्तव्य बजावत होता. उरलेल्या चार वेळा नुसता कौतुकाने बघत होता.)

माणूस सरळ होता. अडचण एकच होती. धक्क्यावरची सगळ्यात जुनी बोट त्याच्या सासूबाईंची होती.

सासूबाई तीस वर्षे खेकडे धरत आल्या होत्या. नियम यायच्या आधीपासून त्या लहान खेकडे आणि अंडीवाल्या माद्या परत पाण्यात टाकत. का, म्हणून कुणी विचारलेच तर म्हणत, "उद्या काय धरू मग?" हे धोरण चारच शब्दांचे असल्याने कार्यालयाने त्याची कधी दखल घेतली नव्हती. (कार्यालयाचे धोरण दोनशे सोळा पानांचे आहे. त्यात 'उद्या' हा शब्द आढळत नाही.)

एके दिवशी त्यांची बोट धक्क्याला लागली आणि शेवटच्या पिंजऱ्याच्या जाळीत अडकलेला एक खेकडा त्यांच्या नजरेला पडला. तो सोडवून त्या पाण्यात टाकणार, तोच मोजणीदार माप घेऊन पुढे आला. चौदा पूर्णांक आठ.

"जावईबापू, टाकतेच आहे."

"आई, बोट धक्क्याला लागली. म्हणजे खेकडा आणला असं धरावं लागतं."

"अहो, माझा हात पाण्यावर आहे."

"हाताबद्दल नियमात काही नाही."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिले, मग खेकड्याकडे पाहिले, आणि दोघांत त्यांना खेकडा जास्त समजूतदार वाटला असावा. त्यांनी तो मुकाट्याने दिला. रीतसर पंचनामा झाला. आता नियम असा, की लहान खेकडा तत्काळ समुद्रात सोडावा. त्याच पानावर दुसरा नियम असा, की जप्त मुद्देमाल सुनावणीपर्यंत हलवू नये. तेव्हा खेकड्याच्या रक्षणासाठी त्याला समुद्रात न सोडता कार्यालयातल्या निळ्या प्लास्टिकच्या टबात ठेवण्यात आले. शिपाई रोज पाणी बदलू लागला आणि मासळीचे तुकडे घालू लागला. खेकडा बाळसे धरू लागला.

घरी बायकोने ताट वाढता वाढता एवढेच विचारले, "आईचा खेकडा धरलात म्हणे?" त्यानंतर घरात बोलणे चालू होते, पण मोजून.

सुनावणी तीनदा पुढे गेली. पहिल्या वेळी साहेब वेळेच्या नियोजनाच्या प्रशिक्षणाला गेले होते व ते लांबले. दुसऱ्या वेळी सुनावणीच्या खोलीची किल्ली त्याच खोलीतल्या कपाटात सापडली. (सापडली, असे खिडकीतून दिसले.) तिसऱ्या वेळी सगळे जमले, पण सासूबाई समुद्रात होत्या, कारण भरती-ओहोटीला नोटीस पोचली नव्हती.

सत्तेचाळिसाव्या दिवशी शिपाई धावत आला. "साहेब, आपला खेकडा व्याला."

टबात खरोखरच दोन खेकडे होते. एक कोपऱ्यात दबून बसलेला, दुसरा मधोमध, अगदी शांत. मोजणीदाराने वाकून पाहिले. "साहेब, व्याला नाही, कात टाकलीय. वाढला की जुनं कवच सोडतो तो. मधला आहे तो खेकडा नाही, रिकामं कवच आहे."

"रिकामं म्हणजे?"

"आत कुणी नाही."

"आपल्या कार्यालयात सात खुर्च्या आहेत," साहेब शांतपणे म्हणाले. "चार खुर्च्यांत कुणी नाही. तरी आपण सात पदं लिहितो ना? लिहा. नग, दोन."

नग दोन होते, यात खोटे काही नव्हते. मोजणीदाराने स्वतःची तशी समजूत घातली आणि सही केली. मात्र त्या दिवशी डबा उघडण्याआधी त्याने पितळी माप तीनदा पुसले.

अहवाल वर गेला. सत्तेचाळीस दिवसांत खेकड्यांच्या संख्येत शंभर टक्के वाढ. सोबत आलेख होता. त्यावर दोन ठिपके होते, आणि दोन ठिपक्यांतून सरळ रेष जाते हे सर्वमान्य असल्याने साहेबांनी ती पट्टी लावून वर नेली. कागद संपला तिथे वाढ थांबली. वरच्या कार्यालयाला इतकी चांगली बातमी बऱ्याच वर्षांत मिळाली नव्हती. त्यांनी परतीच्या टपालाने मसुदा धाडला: यंदा प्रत्येक बोटीला दुप्पट पिंजरे टाकण्यास मुभा. हरकती व सूचना तीस दिवसांत.

मधल्या काळात सुनावणीही झाली. कवच मोजले, चौदा पूर्णांक आठ. खेकडा मोजला, सतरा पूर्णांक तीन. साहेबांनी बराच विचार करून निकाल दिला, की नियमभंग कवचाने केला आहे, खेकडा निर्दोष आहे. लहान मापाचे कवच साहेबांच्या हस्ते समारंभपूर्वक समुद्रात सोडण्यात आले. ते तरंगत तरंगत दुपारपर्यंत पुन्हा धक्क्याला लागले. (संवर्धित खेकडे मूळ ठिकाणी परत येऊ लागल्याची नोंद घेण्यात आली.) खेकडा सासूबाईंच्या हवाली केला. त्यांनी त्याच्या पाठीवर अंगठा दाबून पाहिला.

"मऊ आहे अजून. कवच धरू दे," म्हणत त्यांनी तो पाण्यात सोडला. सतरा पूर्णांक तीनचा खेकडा कुणी सोडताना मोजणीदाराने बारा वर्षांत पाहिले नव्हते. त्यासाठी त्याच्याकडे रकाना नव्हता.

तो तिथेच पायरीवर बसला. "आई, दुप्पट पिंजरे येतायत."

"ऐकलं. आमचे आहेत तेच निम्मे रिकामे वर येतात. दोन महिने सगळ्यांनी बोटी वर ओढून ठेवायला हव्यात. पण मला कुठे लिहिता येतं तुमच्या भाषेत?"

"तुम्ही सांगा. मी लिहितो."

"नोकरी आहे तुमची."

"सांगा तुम्ही."

त्याने लिहिले. सासूबाईंनी जे सांगितले ते जसेच्या तसे लिहिले, आणि खाली टबातले रिकामे कवच व कार्यालयातल्या रिकाम्या खुर्च्या आपल्या पदरच्या जोडल्या. घरी बायकोने तो कागद दोनदा वाचला आणि त्या दिवशी पहिल्यांदा न मोजता बोलली.

हरकत नियमाप्रमाणे सूचनाफलकावर लागली आणि तीस दिवसांनी निकालात निघाली. शेरा असा: 'अर्ज एकच आहे. एका नमुन्यावरून समुद्राबद्दल अनुमान काढणे शास्त्राला धरून होणार नाही.'

दुप्पट पिंजरे पाण्यात गेले. पहिल्या महिन्यात बोटी दुप्पट भरल्या, दुसऱ्यात निम्म्या, तिसऱ्यात पिंजऱ्यांतून शेवाळ वर येऊ लागले. सासूबाईंनी आपली बोट एकटीने दोन महिने वर ओढून ठेवली. त्यांनी न धरलेले खेकडे शेजारच्या बोटींनी धरले. मोजणीदार अजून रोज माप घेऊन धक्क्यावर उभा असतो. मोजायला काही नसल्याने त्याच्या कामात एकही चूक निघत नाही, आणि त्याबद्दल त्याला प्रशस्तिपत्र मिळाले आहे.

आता लोकांना विचारलेच नाही, असे कुणी म्हणू नये. फलकावरच्या त्या हरकतीसमोर चारशे बारा जण थांबले. शिपाई शेजारी वही घेऊन बसलाच होता. तिघांकडे चष्मा नव्हता. बाकीचे चारशे नऊ जण वाचून हसले, "बरोबर पकडलंय" म्हणाले आणि आपापल्या कामाला गेले. दुसरा अर्ज आला नाही. कार्यालयाने अशांसाठी नवा रकाना पाडला, 'वाचले, हसले, गेले', आणि त्याचा अर्थ 'संमती आहे' असा लावला. तो रकाना अद्याप चालू आहे. आपण इथपर्यंत वाचलेत. मधे कुठे हसलाही असाल. चारशे दहा.