गद्रेकाकांचं इटालियन

इथे परदेशात, टाकानिनी नावाच्या उपनगरातल्या आमच्या वसाहतीत एकही घर दोन वर्षांहून जुनं नाही. तरी शेजारच्या गद्रेकाकांचं पुढचं दार करकरतं. मी तीनदा तेलाची बाटली घेऊन गेले, आणि तिन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजून बाटलीसकट परत पाठवलं. म्हणाले, "भुताला आवाज लागतो गं. नाहीतर आलंय हे कळणार कसं?"

काका स्ट्रक्चरल इंजिनिअर. जन्मभर लोकांच्या भिंती तपासल्या, आणि वेड कशाचं, तर जुन्या इटालियन भुताच्या सिनेमांचं. धुकं, किल्ला, मेणबत्ती घेऊन जिना उतरणारी बाई. त्यामुळे स्वतःच्या घराबद्दल कायम कुरकुर. "या जिप्समच्या भिंतीत कोण यायचंय? भिंतीला वय पाहिजे." काकू वारल्या त्या जवळच्याच पापाटोएटोच्या भाड्याच्या घरात, हे घर त्यांनी फक्त नकाशात पाहिलं.

दर शनिवारी मला गाडी काढायला लावून काका ओपन होम, म्हणजे विक्रीला काढून बघायला खुली ठेवलेली घरं, बघत हिंडायचे. घर घ्यायचं नसायचंच. एजंटला एकच प्रश्न, इथे कोणी गेलंय का? तो बिचारा घाईघाईने सांगायचा, नो नो, ब्रँड न्यू, सर. काका हिरमुसून दाराशी काढलेल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, पायात सरकवायचे. मी मात्र लाजेने अर्धमेली.

रविवारी दुपारी त्यांच्या गराजमध्ये काळे पडदे लावून सिनेमा. हजेरी सक्तीची. बोलणं सगळं इटालियन, खाली अक्षरं नाहीत, म्हणून काका पडद्याशेजारी उभे राहून मराठीत सांगणार. आणि सांगणार काय, तर मेलेली सरदारीण किल्ल्यात परत येते आणि नवऱ्याला विचारते, "अहो, जेवलात का?" दुसऱ्या सिनेमात दुसरी सरदारीण, तीही स्वेटर घातला नाही म्हणून रागावते. माझी नऊ वर्षांची ईरा एकदा वैतागून म्हणाली, "आई, व्हाय इज शी सो नाइस?"

संशय मलाही होताच. शेवटी मी त्यातल्याच एका सिनेमाची इंग्रजी अक्षरं असलेली डिस्क मागवली आणि काकांची चोरी पकडायची म्हणून पुढच्या रविवारी लावली. बाई जिना उतरली. खाली अक्षरं उमटली. जेवणाचा विषय निघाला होता खरा, पण जेवण म्हणजे नवराच होता. ती त्याचं रक्त प्यायला आली होती. ईरा खो खो हसायला लागली. मी विजयी मुद्रेने काकांकडे वळले.

काका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. मग हळूच म्हणाले, "अगं, तेवढी अक्षरं बंद कर. तिचं बोलणं मला कळतं."

मला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. मी रिमोट शोधून अक्षरं बंद केली. ईरालाही काय कळलं कोण जाणे, ती काकांच्या जवळ सरकून बसली. पडद्यावर ती बाई हात पुढे करून येतच होती.

"काय म्हणतेय, काका?" मी विचारलं.

काका पडद्याशेजारच्या आपल्या जागी जाऊन उभे राहिले. "म्हणतेय, नवं घर सापडायला वेळ लागला."

बाहेर पडताना पुढचं दार मीच ओढलं. चांगलं मोठ्याने करकरलं. तेलाचं मी पुन्हा कधी काढलं नाही.