पवित्र आघाडी आणि कासविणीची अंडी

बालमित्रांनो, मी सातवीनंतर शाळेत गेलो नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. मोठे शब्द मला येत नाहीत, म्हणून गोष्ट साध्या शब्दांत सांगतो.

एका जंगलात एक नदी होती. नदीच्या मधोमध बेट होतं. त्यावर पाणमांजरांचं राज्य होतं. त्यांच्याकडे मासे फार होते, हाच त्यांचा गुन्हा होता.

वाघ, अस्वल आणि गिधाड महाराज यांनी पाणमांजरांविरुद्ध आघाडी केली. महाराजांचं टक्कल जन्मापासूनचं होतं, पण लोक त्याला वैराग्य समजत. महाराज आघाडीत असल्यामुळे तिला पवित्र आघाडी म्हणायचं ठरलं.

आघाडीची एक रीत होती. वाटणी आधी करायची, लढाई नंतर. त्याप्रमाणे बेट, मासे आणि अलीकडचा वाळूचा किनारा, सगळं वाटून झालं. मग सैन्य निघायची तयारी सुरू झाली.

त्याच किनाऱ्यावर एका कासविणीने अंडी पुरली होती. पिल्लं बाहेर यायला थोडाच अवकाश होता. अंडी हलवली तर मरतात. कासवीण घाबरत घाबरत आघाडीच्या सभेत गेली आणि तिने आपली अडचण सांगितली. वाळूवर छावणी पडणार असेल तर अंडी तिथेच ठेवायची परवानगी कोणाची काढायची, एवढंच तिला विचारायचं होतं.

"जिंकल्यावर ही वाळू कोणाची होणार, वाघोबा?" तिने विचारलं.

"माझी," वाघ म्हणाला.

"माझी," अस्वल म्हणालं.

दोघांनी महाराजांकडे पाहिलं. महाराज म्हणाले, "मी दोघांनाही आशीर्वाद दिला होता. वाळूचं मला आठवत नाही."

अस्वल उठून गेलं. दुपारपर्यंत महाराजही गेले. संध्याकाळी महाराज, अस्वल आणि पाणमांजरं यांनी वाघाविरुद्ध पवित्र आघाडी केली. शपथ जुनीच होती. फक्त शत्रूचं नाव बदललं होतं.

मग माशांवरून अस्वल आणि पाणमांजरं भांडली. पाणमांजरं वाघाला जाऊन मिळाली. मग महाराज त्यांना मिळाले. आघाडी प्रत्येक वेळी पवित्रच होती. सैन्य कधी इकडून निघे, कधी तिकडून, पण वाळूपर्यंत पोचायच्या आत बाजू बदलत असे. कासवीण पाण्यातून डोकं काढून बघत राही. वाळू शाबूत होती.

शेवटी प्रत्येक जण प्रत्येकाचा मित्र होऊन गेला होता आणि प्रत्येकाचा शत्रूही. लढायला कोणी उरलं नाही. तेव्हा तह करायचं ठरलं.

तह कुठे करायचा? वाघाच्या गुहेत अस्वल येईना. अस्वलाच्या जाळीत वाघ मावेना. बेटावर जायला महाराजांना पाण्याची भीती वाटे. मग महाराजांनाच आठवलं, की वाळूचा किनारा कोणाचाच नाही.

कासवीण पुन्हा धावत गेली. तिच्या मानाने ते धावणंच होतं.

"महाराज, अजून थोडे दिवस थांबा. पिल्लं आतून टोचा मारायला लागलीत."

महाराज मायेने हसले. "बाई, आता कसली भीती? युद्ध टळलं ना."

कासवीण परत पाण्याकडे वळली.

तह मोठ्या थाटात झाला. वाळूत मंडपाचे खांब रोवले. हत्ती सलामीला आले. अस्वलाने वाघाला मिठी मारली आणि दोघं नाचले. पाणमांजरांनी सगळ्यांना मासे वाढले. महाराजांनी भाषणात सांगितलं, की एवढ्या मोठ्या भांडणात रक्ताचा एक थेंब सांडला नाही. ते खरंच होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मंडळी गेली तेव्हा वाळू अंगणासारखी चोपून बसली होती. कासवीण पुढच्या पायांनी एका जागी उकरत बसली. तिला कोणी हटकलं नाही. आता शांतता होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिधाड महाराज एकटेच किनाऱ्यावर आले. ते शोक करायला आले, असं जंगलात सगळे म्हणाले. कासविणीने उकरलेल्या खड्ड्यात मान घालून त्यांनी बराच वेळ शोक केला. मग चोच वाळूवर पुसली आणि उडून गेले.

तात्पर्य : बालमित्रांनो, युद्ध टळलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नये. आधी समारंभ कुठे आहे ते विचारावं.