बनीपार्कच्या सोळा पट्ट्यांची मोहीम

शके अठराशे त्र्याऐंशी, प्लवनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. सवाई जयपूर शहरी, बनीपार्क प्रांती, बारा मराठी बिऱ्हाडांचे गल्लीत श्वानांचे प्रकरण उद्भवोन पंधरा दिवस रण माजले, त्याचा करीना जैसा घडला तैसा लिहितो. ऐकीव घेतले नाही, पदरचे घातले नाही. पुढे कोणी म्हणेल की लेखक अमक्याचे बाजूचा, तर त्याने जीभ आवरावी. लेखकाचा कोणाही श्वानाशी काडीचा संबंध नाही.

गल्लीची हकीकत ऐसी की, बाराही घरचे कर्ते पुरुष कचेरी, बँक, विमा आणि इस्पितळ यांचे बदलीवर देश सोडोन या मुलुखी आलेले, आणि बदलीचे माणसाने गाय बांधो नये, आंबा लावो नये, परंतु उरली पोळी दारचे कुत्र्यास घालावी, येवढी मुभा. त्यांत सातवे घरी विम्याचे जयंतराव पोंक्षे यांचे कुटुंब सुमित्राबाई, चिपळूणची लेक, लग्नास सात महिने. जयंतराव महिन्यांतील वीस दिवस दौऱ्यावर, बाईंस हिंदी येईना, शेजारणी वयाने थोर, मग बाईंनी बोलावे तरी कोणाशी? तर खंड्याशी. खंड्या अंगाने पिवळा, डावा कान फाटका, मुद्रा गंभीर. आईचे पत्र आले नाही, आमटी खारट जाहली, उगाच रडू आले, सर्व त्यास सांगावे आणि त्याने मान तिरकी करोन ऐकावे. जयंतरावांनी येवढे कधी ऐकिले नाही.

ऐसे चालत असतां शुद्ध प्रतिपदेस टपालाचा शिपाई गल्लीत सायकलीसुद्धा आडवा जाहला. कोणता श्वान आडवा आला याचा उलगडा आजतागायत नाही. परंतु बोभाटा जाहला, अर्ज गेला, आणि शहरसफाईचे महकम्यातोन मुकादम भंवरलालजी, खाकी कोट, डोईस साफा, मिशा दोन्ही बाजूंस जरबेने वळविलेल्या, ऐसे खासा चालोन आले, आणि त्यांणी हुकूम फर्माविला की, पौर्णिमेचे दुसरे दिवशी विषाचे लाडू आणि गाडी येईल, गल्लीत एक शेपूट उरणार नाही. अर्ज करणारे म्हणो लागले, भीक नको पण कुत्रा आवर, तैसे जाहले; आम्हांस भुंकणे बंद व्हावे येवढेच हवे होते. सुमित्राबाईंनी ते दिवशी अन्न घेतले नाही. खंड्याने घेतले.

तेव्हां तिसरे घरचे डॉक्टर श्यामकांत वर्तक, जनावरांचे इस्पितळी नामांकित, यांणी मुकादमांचे भेटीस जाऊन मसलत सांगितली, ती ऐसी: विष घालोन गल्ली मोकळी कराल तर आठ दिवसांत पलीकडची टोळी येवोन ठाणे बसवील, मग पुन्हा लाडू, पुन्हा गाडी, याला अंत नाही. त्यापरीस एकेकास धरावे, शस्त्रक्रिया करावी की वंश वाढो नये, पिसाळण्याची लस टोचावी, आणि जेथला तेथे सोडावा. तोच आपली हद्द राखील. भंवरलालजी पुष्कळ वेळ मिशीस पीळ देत बसले आणि मग कौल दिधला की, गल्लीत श्वान किती ते लेखी द्यावे, तितके पितळी बिल्ल्यांचे पट्टे आम्ही देऊं. ज्याचे काम होईल त्याचे गळां पट्टा. पौर्णिमेस चार वाजतां पाहणीस येऊं. एक जरी पट्टा हाती उरला तरी एक श्वान मोकाट आहे ऐसे समजोन गाडी येईल.

गणतीचे काम कोणाचे? तर पहिले घरचे वसंतराव खांबेटे यांचे, ज्यांणी त्याच साली खानेसुमारीत मुलुखाची माणसे मोजविली होती. आतां, कुत्री मोजणे तर कुत्र्यांकडे पाहावे, हे शेंबड्या पोरास कळेल. परंतु खानेसुमारीचा शिरस्ता ऐसा की दारी जावे, कर्त्या माणसास पुसावे, आणि सांगेल ते रकान्यात भरावे. वसंतराव शिरस्ता सोडणारे नव्हत. बाराही दारी गेले, आणि बाराही दारी अभिमानाने उत्तर मिळाले की, आमचा एक आहे हो, पिवळा, डावा कान फाटका. कोठे मोती, कोठे गंप्या, कोठे ढमाले, खुद्द वसंतरावांचे घरी सुलतान. शिवाय कोणाचेच नव्हत ऐसे चार काळे-पांढरे. एकूण सोळा. शेरा लिहिला की, ‘या प्रांती फाटक्या कानाची पिवळी जात विपुल.’ खाली सही केली, सोळा पट्टे आणिले.

मग मोहीम सुरू जाहली. शस्त्र एकच, जयपुरी रजाई. चौघांनी चार कोपरे धरावे आणि श्वानावर झेप घ्यावी. पहिले दिवशी पाचवे घरचे हरिभाऊ रजाईखाली सांपडले आणि श्वान वरती बसला. दुसरे दिवशी डॉक्टरांनी, कोणी धावो नका, दूधपोळी ठेवा आणि गुमान बसा, ऐसा हुकूम केला, तेव्हां दशमीपर्यंत चारही काळे-पांढरे हाती आले. भाड्याचे उंटगाडीतोन इस्पितळी नेले; त्यांत उंटच भ्याला. पांचवा खंड्या. तो धरावा लागलाच नाही. सुमित्राबाई गाडीत बसल्या आणि तो मागोमाग चढोन मांडीवर डोके ठेवोन गेला. पांचही सुखरूप परतले, पट्टे चढले, आणि खंड्यास पौर्णिमेपर्यंत बाईंचे पडवीत विसावा सांगितला.

उरले पट्टे अकरा. वसंतरावांनी जिवाचे रान केले. स्टेशनापर्यंत टोळ्या धाडिल्या, कचोरीवाल्यास, टांगेवाल्यास पुसले, परंतु पिवळ्या फाटक्या कानाचे अकरांपैकी एकाचा माग लागेना. इकडे घरोघर आकांत मांडला की, आमचा मोती दोन दिवस फिरकला नाही, आमचे ढमालेंनी पोळीस तोंड लाविले नाही, गाडी आधीच येवोन गेली की काय! त्रयोदशीस वसंतराव खंड्याचे समाचारास सातवे घरी आले, पडवीत शिरले, आणि सुलतान सुलतान ऐसा विलाप त्यांचे मुखातोन सहज निघाला, तो खंड्याने शेपूट हलविली.

वसंतराव मटकन खाली बसले. वार्ता फुटली. मग बाराही घरची माणसे ओळीने आली, ज्याने त्याने आपले नाव उच्चारावे आणि खंड्याने प्रत्येकाचा मान राखोन शेपूट हलवावी. सकाळचे पोहे एकीकडे, अकरा वाजतां ताकभात दुसरीकडे, ऐसे बारा वेळां जेवणारा हा मुत्सद्दी, आणि जो तो म्हणे की बिचारा आमच्यावाचोन उपाशी! सुमित्राबाई मात्र पदराने डोळे पुसोन म्हणाल्या, “माझं सगळं ऐकून घ्यायचा, आणि स्वतःचं एक अक्षर सांगितलं नाही हो यानं!”

परंतु संकट टळले कोठे? गल्लीत श्वान पांच, लेखी सोळा, हाती पट्टे अकरा, आणि अकरा पट्ट्यांपायी पांचांचे मरण. खोटी गणती केली म्हणोन सांगावे तर वसंतरावांची अब्रू जाते. ते दोन दिवस जेवले नाहीत, आणि पौर्णिमेस दुपारी त्यांणी निर्वाणीचा उपाय केला: अकराही पट्टे खंड्याचेच गळां चढविले.

त्या दिवशी दत्तजयंती. सातवे घरी दत्ताची तसबीर मांडली होती, सुंठवडा कुटला होता, आणि चारही काळे-पांढरे अंगणात लोळत होते. बरोबर चार वाजतां भंवरलालजी आले. चार गळे पाहिले, चार पट्टे मोजिले. मग पडवीत पाहतात तो एक पिवळा श्वान, खांद्यापासोन कानापर्यंत पट्टेच पट्टे, मान वळेना, आणि मुद्रा पूर्ववत् गंभीर. मुकादमांनी पुसले, ये क्या है? बारा घरचे बारा शहाणे खाली पाहो लागले.

तेव्हां सुमित्राबाई, ज्यांणी आजवर भाजीवाल्यासही बोटाने भाव विचारिला, त्या पुढे जाहल्या आणि बोलल्या, “भैयाजी, ये एकही है. मतलब, सबका एकही है. हमने गिनती की नहीं, सबने अपना-अपना बोला. गलती हमारी है, इसकी नहीं. आज दत्तका जन्म है. गाडी मत भेजो.”

भंवरलालजी दोन पावले मागे सरले, खाली बसले, आणि हळू आवाजात बोलले, “भूरिया?”

खंड्या उठला. बारा बिल्ले वाजवीत गेला आणि मुकादमांचे खाकी मांडीवर डोके ठेविले. मुकादमांचे मिशीचा पीळ सैल पडला. म्हणाले, आमची मांसा, म्हणजे आई, रोज संध्याकाळी शेवटची रोटी यालाच घालते. पांच दिवस हा आला नाही, म्हातारी रोटी हाती घेवोन फाटकात उभी राहते, मला म्हणते, तूच मारलास. “मैं घर में मुँह नहीं दिखा पा रहा था, बाईसा.”

मग उठोन, डोळे पुसोन, पुन्हा मुकादम होवोन त्यांणी यादी मागविली आणि फर्माविले की, ही गणती चुकली आहे. भंवरलालजींनी सोळाचा आंकडा खोडोन सतरा लिहिला, पिशवीतोन सतरावा पट्टा काढिला, तो खंड्याचे गळां कोठे बसेना म्हणोन डाव्या फाटक्या कानावरोन तिरका अडकविला, आणि हुकूम केला की सतराही पट्टे गळां आहेत, हाती एकही नाही, गाडी रद्द. सुंठवडा दोनदां मागोन घेतला, एक पुडी मांसाकरितां बांधोन नेली.

येणेप्रमाणे बनीपार्कची मोहीम फत्ते जाहली, विष न घालतां, रक्त न सांडतां, हरिभाऊंचे एक ढोपर वगळतां. उद्यां डॉक्टरांनी बारा पट्टे उतरवोन एक ठेवावा ऐसे ठरले. कोणाचा ठेवावा यावर सभा रात्रीपावेतो चालली आहे आणि मिटण्याचे लक्षण नाही. सुमित्राबाई प्रथमच सर्वांत मोठ्याने बोलत आहेत, येथवर आवाज येतो.

लिहिणे अजोन पुष्कळ होते. परंतु बिल्ले वाजले, पांडू दारी येवोन उभा आहे, आणि पांच दिवसांनी आला आहे, तरी लेखक पोळी घालोन येतो.